प्राथमिक शिक्षकाचा वर्षारंभ : उद्दिष्ट आणि अपेक्षा यांचा एक इतिहास

१. प्रास्ताविक

दिल्लीतील प्राथमिक शाळांचे नवे वर्ष एप्रिलच्या आरंभी सुरू होते. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यास उघडतात, विदर्भात त्याहूनही काही दिवस उशिरा. त्यामुळे मराठी मनात शाळेचा पहिला दिवस आणि पहिला पाऊस यांची सांगड पक्की बसलेली आहे. दिल्लीतील शिक्षकाला मात्र नव्या वर्गाची ओळख वाढत्या उन्हात करून घ्यावी लागते. जेमतेम सहा आठवडे वर्ग भरतो, मेच्या मध्यापूर्वी सुटी लागते आणि जुलैत मुले परततात. या सहा आठवड्यांत शिक्षकाच्या टेबलावर हजेरीपटाबरोबर आणखी एक वही उघडली जाते, ती वार्षिक नियोजनाची. तिच्यात महिने, घटक, तासिका असे रकाने असतात, आणि एक रकाना ‘उद्दिष्टे’ या शीर्षकाचा असतो.

हा रकाना कोण भरते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. अक्षर शिक्षकाचे असते; पण मजकूर बहुधा त्याचा नसतो. तो परिपत्रकातून, पाठ्यक्रमातून, एखाद्या अभियानाच्या पुस्तिकेतून उतरवलेला असतो. याउलट समोर बसलेल्या तीस-चाळीस मुलांकडे पाहून शिक्षकाच्या मनात जे येते (हा वाचील, ही पुढे जाईल, याचे काही खरे नाही) ते कोणत्याच वहीत लिहिले जात नाही. पहिल्याला येथे ‘उद्दिष्ट’ म्हटले आहे, दुसऱ्याला ‘अपेक्षा’. उद्दिष्ट वरून येते, अपेक्षा वर्गात जन्मते. गेल्या दोनशे वर्षांत या दोहोंचे नाते कसे बदलत गेले आणि त्या बदलाची किंमत कोणी मोजली, याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

दिल्लीच्या संदर्भात या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. देशभरच्या शाळांची उद्दिष्टे ज्या शहरात लिहिली जातात, त्याच शहरात महानगरपालिकेच्या शाळेतील शिक्षक ती उतरवून घेत असतो. लिहिणाऱ्यांत मराठी माणसेही होती; त्यांच्या विचाराची मुळे पुणे, कोल्हापूर, बोर्डी येथवर जातात. म्हणून या मागोव्याचा आरंभ दिल्लीत न करता मराठी मुलखात करणे सोयीचे ठरते.

२. वर्ष नसलेली शाळा

‘शैक्षणिक वर्ष’ ही कल्पना आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की ती सनातन वाटते. वस्तुतः ती एकोणिसाव्या शतकातील आहे. रा. वि. परुळेकर यांनी संकलित केलेल्या मुंबई इलाख्यातील देशी शाळांच्या कागदपत्रांवरून पंतोजीच्या शाळेचे जे चित्र उभे राहते, त्यात सर्वांनी एकाच दिवशी आरंभ करण्याची पद्धत दिसत नाही. चांगला दिवस पाहून मूल शाळेत बसवले जाई. धुळपाटीवर मुळाक्षरे, मग उजळणी, पाढे, पावकी-निमकी, मोडीचा कित्ता, अशा क्रमाने ते आपल्या चालीने पुढे जाई. मोठी मुले धाकट्यांना शिकवीत. सुगीच्या दिवसांत मुले शेतावर जात आणि परतली की जेथे सोडले तेथून पुढे चालू लागत. पास आणि नापास हे शब्दच त्या व्यवस्थेत नव्हते.

या शाळेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तिची दारे मुख्यतः वरच्या जातींच्या आणि पेशाने हिशेबाची गरज असलेल्या घरांतील मुलग्यांना उघडी होती. मुली आणि अस्पृश्य समाजातील मुले तिच्या बाहेरच राहिली. पंतोजीच्या छडीची आठवण तर मराठी आत्मचरित्रांत जागोजागी आढळते. तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. मूल मागे पडले आहे असे म्हणण्यासाठी लागणारी सामाईक रेषाच तेथे आखलेली नव्हती.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये शिक्षणखाते स्थापन झाले आणि ही रेषा आखली गेली. इयत्ता आल्या, क्रमिक पुस्तके आली, वार्षिक परीक्षा आली आणि ती घेणारा डेप्युटी इन्स्पेक्टर आला. आता वर्षाला आरंभ आणि शेवट मिळाला. शिक्षकाच्या कामाचे माप वर्षाअखेरच्या एका दिवशी घेतले जाऊ लागले. साहजिकच वर्षारंभीचे त्याचे मन त्या दिवसाकडे लागले.

३. निकालावर अनुदान आणि जोतीराव फुले यांचे निवेदन

या मोजणीला पैशाची जोड मिळाली तेव्हा तिचे स्वरूप पालटले. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांच्या १८६२ च्या सुधारित नियमावलीने शाळेचे अनुदान मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन, गणितातील त्यांचे यश यांवर अवलंबून ठेवले. जितकी मुले उत्तीर्ण, तितकी रक्कम. ही ‘निकालावर अनुदाना’ची पद्धत हिंदुस्थानातही आली आणि मुंबई इलाख्यात रुळली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे ज्या अनेक बाबी होत्या, त्यांत तिचाही समावेश होता.

त्या आयोगाला जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी सादर केलेले निवेदन सर्वपरिचित आहे. बारा वर्षे वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, ही त्यातील मागणी वारंवार उद्धृत केली जाते. पण शिक्षकाच्या कामाविषयी त्यांनी त्यात जे तपशील मांडले, त्यांकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते मुलांच्या घरच्यांत मिसळतील. त्यांना प्रशिक्षण मिळावे. त्यांचा पगार दरमहा १२ रुपयांहून कमी नसावा. गावच्या कारभारातील काही कामे सोपवून त्यांची प्रतिष्ठा वाढवावी, असे त्यांनी सुचवले. डेप्युटी इन्स्पेक्टरची वर्षातून एक फेरी जवळजवळ निरुपयोगी आहे. निदान तिमाही तपासणी व्हावी आणि पूर्वसूचना न देताही शाळा पाहाव्यात, असेही त्यांचे म्हणणे होते.

निकालावर अनुदानाच्या पद्धतीविषयीचे त्यांचे मत या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. ज्या समाजात शिक्षणाची गोडीच अद्याप निर्माण झालेली नाही, तेथे ही पद्धत उपयोगाची नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. अशा वस्तीत शाळा काढून निकालावर पोट भरण्यास कोणताही शिक्षक धजणार नाही, हे त्यामागचे साधे व्यवहारज्ञान होते. मात्र त्याच निवेदनात, अधिक मुले उत्तीर्ण करणाऱ्या गावशिक्षकाला पगाराव्यतिरिक्त काही भत्ता उत्तेजनार्थ द्यावा, अशीही सूचना आहे.

वरवर पाहता ही विसंगती वाटेल. ती तशी नाही. आधी निर्वाहापुरता निश्चित पगार, मग चांगल्या कामाची बक्षिसी, असा फुले यांचा क्रम आहे. पाया भक्कम असेल तर आकडा उत्तेजन देतो. आकडाच पाया झाला तर शिक्षक ज्या मुलाच्या उत्तीर्ण होण्याची खात्री असेल त्याच्याकडे वळतो आणि ज्याची खात्री नाही त्याला टाळू लागतो. म्हणजे जे मूल शाळेपासून सर्वांत दूर, तेच शिक्षकाच्या उद्दिष्टातून सर्वप्रथम वगळले जाते. दोन्ही व्यवस्थांमध्ये मोजणी आहे. भेद आहे तो मोजणीचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो याचा. सरकारने प्राथमिक शाळांसाठी ही पद्धत सोडून देण्याचे ठरवले ते लॉर्ड कर्झन यांच्या काळातील १९०४ च्या ठरावाने, म्हणजे फुले यांच्या निवेदनानंतर बावीस वर्षांनी.

४. आकडा साक्षीला येतो

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकड्याने एक वेगळी कामगिरी बजावली. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तसाच निर्णय घेतला. ब्रिटिश मुलखासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

शाळा वाढल्या, तशी त्यांतून गळणाऱ्या मुलांची संख्याही पुढे आली. १९२९ च्या हार्टोग समितीने दाखवून दिले की १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलग्यांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत पोहोचले ते अवघे १८. यातून समितीने काढलेला निष्कर्ष विस्तारापेक्षा दृढीकरणावर भर देणारा होता आणि त्यावर पुढे बरीच टीका झाली. परंतु आकड्याचे मोल त्याने कमी होत नाही. ८२ मुले कोठे गेली हा प्रश्न येथे व्यवस्थेला विचारला गेला होता. तोच प्रश्न एखाद्या शिक्षकाला, तुझ्या वर्गात इतकीच मुले का उरली, असा विचारला की त्याचा अर्थ पालटतो. आकडा न्यायाची मागणी करतो की शिक्षकाला वेठीस धरतो, हे तो कोणाला उद्देशून उच्चारला जातो त्यावर ठरते. पुढील इतिहासात हा फरक पुनःपुन्हा पुसट होताना दिसतो.

५. भावनगर ते बोर्डी : वर्गात जन्मलेले उद्दिष्ट

याच काळात पश्चिम भारतात काही शिक्षकांनी वर्षारंभाचा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून हाताळला. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी लिहिलेले ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक एका काल्पनिक शिक्षकाच्या एका वर्षाची कथा आहे. शिक्षणाधिकाऱ्याची परवानगी काढून तो चौथीचा वर्ग प्रयोगासाठी घेतो. वर्षाअखेर परीक्षा आहेच, हे त्याला ठाऊक असते.

या पुस्तकातील पहिला दिवस प्रत्येक प्राथमिक शिक्षकाने वाचावा असा आहे. शिक्षकाने आदल्या रात्री सर्व आखणी केलेली असते. शांततेच्या खेळाने आरंभ करायचा, असे ठरलेले असते. प्रत्यक्षात वर्गात गोंधळ माजतो, आखणी कोसळते आणि त्याला मुलांना लवकर घरी सोडावे लागते. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग त्याच्या हाती येतो. गिजुभाईंनी आपल्या नायकाला पहिल्याच दिवशी अपयश दिले, यात मोठा अनुभव दडलेला आहे. वर्षाचे खरे उद्दिष्ट वर्ग पाहण्यापूर्वी लिहिता येत नाही. पहिल्या भेटीत जे फसते, त्यातूनच ते लिहावे लागते.

ताराबाई मोडक १९२३ मध्ये भावनगरच्या या कामात दाखल झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. शहरी बालमंदिराची घडी तेथे चालेना. वारली पाड्यांवरील मुले शाळेत येतच नव्हती. कोणी धाकटी भावंडे सांभाळीत होते, कोणी गुरे राखत होते. तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. अंगणवाडीची ही कल्पना आणि गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा हे प्रयोग बोर्डी-कोसबाडच्या कामातून पुढे आले.

शिक्षकाच्या अपेक्षेच्या दृष्टीने हा बदल मूलगामी होता. ‘मूल येत नाही’ या वाक्याचा कर्ता येथे बदलला. मुलाने शाळेच्या घडीत बसावे ही अपेक्षा सोडून शाळेने मुलाच्या दिवसात बसावे, हे उद्दिष्ट ठरले. निरीक्षकाच्या नमुन्यात अशा उद्दिष्टासाठी रकाना नव्हता.

६. ओखला आणि वर्धा

दिल्लीतही हा विचार त्याच सुमारास रुजत होता. १९२० मध्ये अलीगढला स्थापन झालेली जामिया मिल्लिया इस्लामिया १९२५ मध्ये दिल्लीत करोल बागेत आली. १९२६ पासून झाकीर हुसेन तिचे कुलगुरू होते. ओखला येथील नव्या वास्तूची कोनशिला १ मार्च १९३५ रोजी शाळेतील सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हस्ते बसवण्यात आली. जामियाच्या प्राथमिक शाळेत प्रकल्पपद्धती अवलंबली गेली; मुले स्वतः चालवीत असलेले दुकान, बँक अशा उपक्रमांतून हिशेब, लेखन, व्यवहार शिकवले जात. तेथील एक शिक्षक अब्दुल गफ्फार मुधोली यांनी ‘एक मुअल्लिम की जिंदगी’ या उर्दू आत्मकथनात आपल्या शिक्षकी आयुष्याची कहाणी नोंदवली आहे. प्राथमिक शिक्षकाने आपल्या कामाचा असा वृत्तांत स्वतः लिहावा ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे. अनुताईंच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकाशेजारी ते ठेवून वाचणे उद्बोधक ठरेल.

दिल्ली आणि मराठी मुलूख यांची भेट वर्ध्याला झाली. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तेथे भरलेल्या परिषदेनंतर झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. विनोबा भावे आणि काका कालेलकर तिचे सदस्य होते. डिसेंबरच्या आरंभी समितीने आपला अहवाल दिला. सात वर्षांचे मूलोद्योगकेंद्रित शिक्षण सुचवताना तिने वर्षाचे आणि दिवसाचे गणितही मांडले होते. वर्षाचे २८८ दिवस, दिवसाचे साडेपाच तास. त्यांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला, मातृभाषेला ४० मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटे.

मुलांच्या उत्पादनातून शाळेचा काही खर्च निघावा, हा या योजनेचा सर्वाधिक वादग्रस्त भाग होता. या मुद्द्यावर समितीने स्वतःच दिलेला इशारा लक्षणीय आहे. आर्थिक बाजूवर जास्त भर दिला गेला तर शिक्षक मुलांकडून अधिकाधिक श्रम काढून घेण्यात गुंततील आणि त्या कामातील बौद्धिक, सामाजिक आणि नैतिक अंगे बाजूला पडतील, हा धोका तिने ओळखला होता. फुले यांनी परीक्षेच्या आकड्याविषयी जे जाणले होते, तेच येथे सुताच्या आकड्याविषयी जाणले गेले. शिक्षकाकडे जे मोजून मागितले जाते, तेच तो मुलाकडे मागतो.

७. जे. पी. नाईक आणि न आखलेली रेषा

स्वातंत्र्यानंतर ही चर्चा दिल्लीत स्थिरावली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. प्राथमिक शिक्षणातील गळती आणि स्तगन हा त्यांच्या दीर्घ अभ्यासाचा विषय होता. पहिलीतच नापास होऊन त्याच बाकावर पुन्हा बसणारी आणि मग शाळा सोडणारी मुले आयोगासमोर होती. यावर आयोगाने सुचवलेला उपाय असा की पहिली व दुसरी, आणि शक्य असेल तेथे पहिली ते चौथी, हा एकच अखंड, इयत्ताविरहित टप्पा मानावा, ज्यात मूल आपल्या गतीने पुढे जाईल.

एका अर्थाने ही १८५५ मध्ये आखलेली रेषा अंशतः पुसण्याची सूचना होती. पंतोजीच्या शाळेतील स्वतःच्या चालीने जाण्याची मुभा आता सर्व जातींच्या मुलामुलींसाठी मागितली जात होती. ही सूचना मनापासून अमलात आली असे म्हणता येत नाही. अनेक ठिकाणी तिचे रूपांतर ‘नापास न करण्या’त झाले, मूल आपल्या गतीने शिकावे यासाठी शिक्षकाला जो वेळ, जे साहित्य आणि जे स्वातंत्र्य लागते, ते मागे राहिले. समता, गुणवत्ता आणि संख्या या तिन्हींचा मेळ बसवणे किती अवघड आहे, यावर नाईक यांनी १९७५ मध्ये स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

८. क्षमतांच्या याद्या आणि दिल्लीचा वर्ग

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर र. ह. दवे समितीने किमान अध्ययन पातळ्या निश्चित केल्या आणि १९९० च्या दशकात त्या देशभर पसरल्या. महाराष्ट्रातील क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम शिक्षकांच्या एका पिढीला आठवत असेल. हेतू चांगला होता. कोणत्याही शाळेतील मुलाला निदान इतके यावे, ही व्यवस्थेकडे केलेली मागणी होती. पण क्षमतांचे क्रमांक वहीत उतरले, त्यांपुढे खुणा होऊ लागल्या आणि ज्ञानाचे तुकडे पडतात अशी टीका झाली. १९८९ मध्ये राज्यसभेत आर. के. नारायण यांनी मुलांच्या दप्तराविषयी भाषण केले होते; त्याच चिंतेतून नेमलेल्या यशपाल समितीने १९९३ मध्ये ‘ओझ्याविना शिक्षण’ हा अहवाल दिला. दिल्ली विद्यापीठात प्राथमिक शिक्षकांसाठी चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम १९९४ मध्ये सुरू झाला. त्याच विद्यापीठातील कृष्ण कुमार यांनी भारतीय शिक्षकाचे वर्णन ‘दीन हुकूमशहा’ या आशयाच्या शब्दांत केले. व्यवस्थेपुढे तो दुबळा असतो आणि वर्गात सर्वसत्ताधारी. वरून येणारे उद्दिष्ट मुलापर्यंत जाताना हुकुमाचे रूप का घेते, याचे उत्तर या वर्णनात सापडते.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने हे नाते काहीसे उलटे करण्याचा प्रयत्न केला. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापनतास, शिक्षकासाठी तयारीसह आठवड्याचे ४५ तास, ही मोजमापे त्याने व्यवस्थेवर बंधनकारक केली. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जाणून त्यानुसार जादा मदत करणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरवले. आणि जनगणना, निवडणूक, आपत्तिनिवारण वगळता अशैक्षणिक कामे त्याला देऊ नयेत असे म्हटले. हेच अपवाद दिल्लीतील शिक्षकाच्या वर्षाचे किती दिवस घेतात, हे शिक्षकवर्ग जाणतो. मूल त्याच इयत्तेत न ठेवण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीपुरती सैल झाली आणि २०२४ च्या नियमांनी केंद्राच्या अखत्यारीतील शाळांत ती प्रत्यक्ष बदलली.

दिल्लीत २०१८ च्या उन्हाळ्यात ‘मिशन बुनियाद’ हे वाचन-गणिताचे अभियान सुरू झाले. इयत्तेऐवजी प्रत्यक्ष वाचनक्षमतेनुसार मुलांचे गट पाडून त्यांना शिकवायचे, ही त्याची पद्धत. मूल जेथे आहे तेथून आरंभ करणे हे तिचे बळ. पण गटाचे नाव मुलाला चिकटणे हा तिचा धोका. त्याच वर्षी जुलैत नर्सरी ते आठवीसाठी ‘हॅपिनेस’ अभ्यासक्रम आला, म्हणजे मुलाचे समाधान हेही वर्षाच्या उद्दिष्टांत दाखल झाले. ५ जुलै २०२१ रोजी केंद्राने ‘निपुण भारत’ अभियान जाहीर केले. २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाने अर्थ समजून मिनिटाला निदान ६० शब्द वाचावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात-लिहाव्यात, अशी त्याची लक्ष्ये आहेत.

ही लक्ष्ये दिल्लीच्या वर्गात ठेवून पाहिली की त्यांची दोन्ही रूपे दिसतात. तेथे भोजपुरी, मैथिली, गढवाली, बंगाली बोलणाऱ्या घरांतील मुले एका बाकावर बसतात आणि प्रमाण हिंदीत वाचतात. कामाच्या शोधात स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुले वर्षाच्या मध्ये येतात, मध्येच जातात. मिनिटाला शब्द किती, हा आकडा अशा वर्गात राज्यसंस्थेला विचारला तर तो हक्काची आठवण आहे. त्या मुलांसाठी शिक्षक, पुस्तके, जागा पुरेशी आहे काय, असा त्याचा अर्थ होतो. तोच आकडा शिक्षकाच्या कामाचा एकमेव दाखला ठरला, तर तो घरी मैथिली बोलणाऱ्या मुलाकडे अडथळा म्हणून पाहू लागेल. त्यात दिल्लीची एक प्रशासकीय विशेषता भर घालते. पाचवीपर्यंतच्या बहुसंख्य सरकारी शाळा महानगरपालिकेकडे आहेत. सहावीत मूल बहुधा शिक्षण संचालनालयाच्या शाळेत जाते. प्राथमिक शिक्षकाने पाच वर्षे ज्याच्यासाठी नियोजन केले, त्याचे पुढे काय झाले हे त्याला क्वचितच कळते. त्याच्या हाती वर्षाचा आकडा उरतो, मुलाची वाटचाल उरत नाही.

९. अपेक्षेचे सामर्थ्य

आतापर्यंत उद्दिष्टाचा विचार झाला. वहीत न लिहिल्या जाणाऱ्या अपेक्षेविषयी एक प्रयोग येथे नोंदवणे आवश्यक आहे. रॉबर्ट रोझेन्थल आणि लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत केलेला हा अभ्यास १९६८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. काही मुले या वर्षी विशेष प्रगती करतील असे चाचणीवरून दिसते, असे शिक्षकांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात ती मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली होती. वर्षाअखेर पहिली-दुसरीतील अशा मुलांनी इतरांपेक्षा अधिक प्रगती केल्याचे संशोधकांनी नोंदवले. या अभ्यासाच्या मोजमापांवर पुढे कठोर टीका झाली आणि परिणाम सांगितला गेला तेवढा मोठा नसावा, असे अनेकांचे मत पडले. तरी शिक्षकाची अपेक्षा मुलापर्यंत पोहोचते, हे त्यानंतरच्या संशोधनानेही सर्वस्वी नाकारलेले नाही.

मराठी समाजाला हे समजण्यासाठी परदेशी प्रयोगाची गरज नव्हती. शिक्षक मुलांच्या घरच्यांत मिसळणारा असावा, असा आग्रह फुले यांनी धरला तो याचसाठी. ज्याला मुलाच्या जातीकडे पाहून ‘याला विद्या येणार नाही’ असे आधीच ठाऊक असते, त्याचे वर्ष पहिल्याच दिवशी संपलेले असते. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढताना सावित्रीबाई आणि जोतीराव यांनी पहिले काम केले ते हेच. ज्यांच्याकडून कोणालाच काही अपेक्षा नव्हती, त्यांच्याकडून त्यांनी ती धरली.

१०. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, शैक्षणिक वर्ष आणि त्याचे उद्दिष्ट ही प्रशासनाची निर्मिती असून ती बदलता येते, हे कोसबाडने आणि कोठारी आयोगाने वेगवेगळ्या रीतींनी दाखवले. दुसरी, आकडा हा शत्रू नाही. आकड्यावाचून हार्टोग समितीतील ती ८२ मुले कोणालाच दिसली नसती. मात्र व्यवस्थेला विचारायचा प्रश्न एकट्या शिक्षकाला विचारला गेला की त्याची किंमत वर्गातील सर्वांत मागचे मूल मोजते. १८८२, १९३७ आणि त्यानंतरच्या काळातही हेच घडत आले आहे. तिसरी, उद्दिष्ट वरून येणार असेल तर येवो. पण अपेक्षा खालून वर जाण्याची वाट हवी. प्राथमिक शिक्षकाने आपल्या वर्गाविषयी लिहिलेला मजकूर वाचणारा कोणी असायला हवा. मुधोली आणि अनुताई यांची पुस्तके अपवाद म्हणून उरली, कारण अशा लेखनाला आपल्या शिक्षणव्यवस्थेत जागाच ठेवलेली नाही.

दिल्लीच्या शाळांतील एप्रिल-मेचे सहा आठवडे या दृष्टीने उपयोगी पडू शकतात. वर्ष सुरू झालेले असते आणि तरी अभ्यासक्रमाचा मोठा भाग जुलैनंतर असतो. या अवधीत शिक्षकाला प्रत्येक मुलाविषयी दोन-चार ओळी लिहिण्याची मुभा मिळावी. ते मूल घरी कोणती भाषा बोलते, काय वाचू शकते, सकाळी कोणते काम उरकून शाळेत येते, एवढे जरी त्यात असले तरी पुरे. वार्षिक उद्दिष्टांचा रकाना त्यानंतर, जुलैत भरावा. वहीत मग परिपत्रकातील लक्ष्य असेल, आणि त्याशेजारी त्या लक्ष्यापासून कोणते मूल किती दूर उभे आहे आणि त्याच्यापर्यंत जाण्यास शिक्षकाला काय हवे आहे, हेही असेल. ही मागणी फार मोठी नाही. फुले यांच्या १२ रुपयांच्या मागणीप्रमाणेच ती शिक्षकाला आधी उभे राहण्यापुरती जमीन देण्याची मागणी आहे.